चर्चसाठी कापडी बॅनर: कापण्यापासून जपण्यापर्यंत, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या महिला मंडळात दर वर्षी दोन-तीन नव्या मुली येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई फ्लेक्स का नाही करत, तासाभरात मिळतो आणि स्वस्त पण पडतो. बरोबर आहे, मिळतो. पण फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि अर्धी अक्षरं दिसत नाहीत, पंखा लावला की तो फडफड वाजतो, आणि नाताळ झाला की तोच फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून दिसतो, त्यावर प्रभूचं नाव असतं आणि मला ते बघवत नाही. कापडाचा बॅनर नीट केला तर दहा-पंधरा वर्षं आरामात जातो आणि तो चार बायकांनी बसून, बोलत, प्रार्थना करत शिवलेला असतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांनी कधी सुई पण नीट धरली नाही त्यांना पण जमेल असं.

सगळ्यात आधी, कापड आणायच्या पण आधी, चर्चमध्ये जा आणि शेवटच्या बाकावर बसा. खरंच जाऊन बसा. आमच्याकडे शेवटच्या बाकावर आज्या बसतात, कारण दार जवळ असतं आणि वारा येतो, त्यातल्या निम्म्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं. त्या आजीला वाचता आलं तरच बॅनर झाला असं आम्ही धरतो. बसल्यावर बघा की भिंतीचा रंग काय आहे, खिडकीतून ऊन कुठे येतं, पंखे कुठे आहेत, वेदीच्या मागे क्रूस आहे त्याला बॅनर झाकतोय का. क्रूसाच्या पुढे बॅनर कधीच नको, बाजूला घ्या. पाळकसाहेबांना विचारून जागा ठरवा, आणि जुनं दगडी चर्च असेल तर भिंतीत खिळा ठोकण्याआधी पंच कमिटीला पण विचारा, आमच्याकडे एका खिळ्यावरून पूर्ण मीटिंग झालेली आहे.

आता रंग. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक अशा मंडळ्यांत वर्षाचे रंग पाळतात, काही स्वतंत्र मंडळ्यांत अजिबात पाळत नाहीत, त्यामुळे आपल्याकडची पद्धत आधी विचारून घ्या. साधारण असं असतं: आगमनकाळ (नाताळच्या आधीचे चार आठवडे) आणि लेंट म्हणजे उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानाचा काळ पांढरा (सोबत सोनेरी), पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण लाल, आणि बाकीचे जे साधे रविवार असतात ते हिरवे. हे रंग बरेच जुने आहेत, पुढे पोप झालेल्या तिसऱ्या इनोसंटने बाराव्या शतकाच्या शेवटी रोमची पद्धत लिहून ठेवली आणि १५७० च्या मिस्सा ग्रंथात ते पक्के झाले. पहिला बॅनर करणाऱ्याने हिरवा करावा असं मी सांगते, कारण हिरवा वर्षात सगळ्यात जास्त दिवस लागतो, म्हणजे तुमची मेहनत सहा महिने दिसते. सगळे मात्र नाताळचाच करायला धावतात आणि तो पण ऐनवेळी.

वेळेचं सांगतेच. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो. दिवाळीच्या आधी सगळे टेलर कामात बुडालेले असतात, दिवाळीनंतर आपल्या बायका फराळ आणि पाहुण्यांत, म्हणून नाताळचा बॅनर गणपती गेले की सुरू करायचा. दोन महिने हातात ठेवा. आठवड्यातून एक दुपार बसलात तरी होतं.

काय लिहायचं? कमी. हे मी परत लिहिते, कमी लिहा. तीन-चार शब्द. "मी जगाचा प्रकाश आहे" एवढं पुरे, योहान ८:१२ हा संदर्भ खाली बारीक टाकला तरी चालतो. अख्खं वचन, मंडळीचं नाव, वर्धापनदिन, सौजन्य अमुक तमुक असं सगळं घातलं की तो फ्लेक्सच झाला, फक्त कापडाचा. देणगीदाराचं नाव बॅनरवर घालू नका, यावरून वाद होतात आणि उपासनेत लोक तेच वाचत बसतात.

चित्राचं पण तसंच, एकच चित्र, मोठं. कबूतर, द्राक्षवेल, कोकरू, मासा, काटेरी मुकुट, अल्फा-ओमेगा हे सगळीकडे चालतात. पण आपल्याकडचं काही घेता आलं तर बघा. कापणीच्या सणाला सगळे इंटरनेटवरून गव्हाची ओंबी उचलतात, आणि आमच्या नगर भागातली मंडळी येताना ज्वारी-बाजरी घेऊन येते, मग कणीस ज्वारीचं का नको? भरलेलं, गोल दाण्यांचं, कापडातून कापायला ओंबीपेक्षा सोपं. मेणबत्तीच्या जागी समई करा, सुरेख दिसते. हे करताना कुणी म्हणालं की हे ख्रिस्ती नाही, तर अँजेलो द फोन्सेकांची चित्रं दाखवा. गोव्याच्या सांतो इस्तेव्हमध्ये १९०२ साली जन्मलेला हा चित्रकार पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहायचा, त्यांची मरिया साडी नेसलेली आहे, आपल्या घरातल्या बाईसारखी दिसते. १९६७ ला ते गेले, त्यांची बरीच चित्रं आता गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत ठेवलेली आहेत. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ काही बोलले नाही.

कापडाकडे येऊ. बेससाठी, म्हणजे ज्यावर अक्षरं बसतात त्या मुख्य कापडासाठी, नव्या माणसाने जाड कॉटन घ्यावं, केसमेंट किंवा चांगलं जाड मांजरपाट रंगवलेलं. सॅटिन घेऊ नका, दुकानात फार सुंदर दिसतं पण मशीनखाली सरकतं आणि प्रत्येक टाचणीचं भोक दिसतं. वेल्वेटला लव असते, एक अक्षर उलट्या दिशेने कापलं गेलं की ते वेगळ्याच रंगाचं दिसतं, त्यामुळे ते दुसऱ्या-तिसऱ्या बॅनरला. रॉ सिल्क छान पडतं पण कडांचे धागे सुटतात आणि उन्हात लवकर विटतं. अक्षरांसाठी फेल्ट सगळ्यात सोपं कारण त्याच्या कडा उसवत नाहीत. अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) फेल्टचे बॅनर घरोघरच्या बायकांनी एवढे केले त्याचं कारण हेच, कात्री आणि चिकट काहीतरी असलं की झालं. फक्त आपल्याकडे मिळणारं फेल्ट बहुतेक पॉलिस्टरचं असतं, गरम इस्त्री डायरेक्ट लागली की वितळून इस्त्रीलाच चिकटतं, वर सुती फडकं टाकूनच इस्त्री करायची. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी, मुंबईत मंगलदास मार्केट आणि लेस-गोंड्यांसाठी भुलेश्वर, इथे सगळं मिळतं. आणि घरातल्या जुन्या साड्या विसरू नका, विरलेल्या पैठणीचा काठ चांगला असतो, तो बॅनरच्या खालच्या बाजूला लावला की दुसऱ्या कुठल्या लेसची गरज नाही.

माप. मी पहिल्या बॅनरला ३० इंच रुंद आणि ५४ इंच लांब सांगते, ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून जोड न देता निघतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच दुमडायला म्हणजे रुंदी ३४. वर रॉड जायला नेफा लागतो, परकराला असतो तसाच, त्याला अडीच इंच, खाली पण रॉड घालायचा म्हणून तिथेही अडीच, म्हणजे लांबी ५९ इंच. दीड मीटर म्हणजे जेमतेम ५९ इंच होतात, तेवढंच आणलं तर कापड आटलं की संपलं, म्हणून पावणेदोन मीटर आणा. अस्तराला पण तेवढंच, साधं पांढरं कॉटन.

आणलेलं कापड पाण्यातून काढा. रात्रभर भिजत घालायचं, सकाळी बघायचं पाण्याला रंग आलाय का, लाल आणि जांभळा हमखास सोडतात. रंग जाईपर्यंत दोन-तीन पाणी काढा, सावलीत वाळवा, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा. बेस, अस्तर, अक्षरांचं कापड कॉटनचं असेल तर ते, लेस, सगळंच. आम्ही एकदा अस्तर न भिजवता लावलं, पहिल्या पावसाळ्यात दमट हवेने ते आटलं आणि पूर्ण बॅनर पुढे पोट आल्यासारखा फुगला, सगळं उसवून परत करावं लागलं.

कापताना कापडाचा उभा धागा बॅनरच्या लांबीत आला पाहिजे. टेलर ज्याला उरेब म्हणतात तसा तिरका कापला तर टांगल्यावर महिन्याभरात एक कोपरा खाली लोंबतो आणि ते नंतर काही केल्या सुधारत नाही. एक धागा ओढून काढा, त्याची जी रेघ दिसते त्यावर कात्री चालवा.

अक्षरं, आता यात सगळ्यात जास्त वेळ द्या. इंग्लिश बॅनरचे व्हिडिओ बघून मराठी अक्षरं जमत नाहीत, आपल्या लिपीची गणितं वेगळी आहेत. साइनबोर्डवाल्यांचा साधा हिशोब असा की दर दहा फुटाला एक इंच अक्षर. शेवटचा बाक चाळीस फुटांवर असेल तर चार इंच, पण हे चार इंच अक्षराच्या अंगाचे धरायचे, वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार यांना वेगळी जागा, म्हणजे एक ओळ सहा-साडेसहा इंच खाते. शिरोरेघ निदान अर्धा इंच जाड ठेवा. मोबाइलवर जाडसर, साधा फॉन्ट घेऊन डीटीपीवाल्याकडून ए३ वर प्रिंट काढा, वळणदार लग्नपत्रिकेचे फॉन्ट नकोत. मग त्या प्रिंटची अक्षरं कापून जुन्या चादरीवर टाचा, चादर जागेवर टांगा आणि परत शेवटच्या बाकावर जाऊन बसा. शक्य असेल तर खरंच एखाद्या आजीला बसवा आणि काही न सांगता विचारा काय लिहिलंय.

असं केल्यावर ज्या चुका कळतात त्या सांगते. ख चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर लांबून "रव" वाचतात, आणि आपल्याला तर ख्रिस्त शब्द सतत लागतो, म्हणून ती जोडणी ठसठशीत ठेवा. ध आणि घ, भ आणि म यांच्यात लांबून मुख्य फरक शिरोरेघेतल्या फटीचाच दिसतो, ती फट कापडात बारीक ठेवली की शिवताना बुजते, धन्यवादचा घन्यवाद होतो. फट अर्ध्या इंचाची ठेवा. अनुस्वाराचा ठिपका बुंदीएवढा नको, एक रुपयाच्या नाण्याएवढा कापा.

एक गोष्ट मात्र आपल्या लिपीची फार सोयीची आहे, शिरोरेघ सगळी अक्षरं बांधून ठेवते. त्यामुळे प्रत्येक अक्षर सुटं कापू नका, अख्खा शब्द एका तुकड्यात कापा. ओळ आपोआप सरळ राहते आणि काम निम्मं होतं.

चिकटवायला डबल साइड फ्युजिंग घ्या, म्हणजे इस्त्रीने दोन्ही बाजूंना चिकटतं ते, टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतं, एका बाजूला कागद असतो. त्या कागदावर शब्द उलटा गिरवायचा, आरशात दिसतो तसा, नाहीतर कापून झाल्यावर कळतं की सगळं उलटं आलं. देवनागरी उलटी गिरवताना डोकं गोंधळतं, म्हणून प्रिंट खिडकीच्या काचेवर पालथी धरा आणि मागून दिसेल तसं गिरवा. गिरवलेला कागद अक्षरांच्या कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने चिकटवा, मग कापा, कागद सोला, बेसवर ठेवा, पट्टीने ओळ मोजा, आणि इस्त्री दाबून उचला. घासायची नाही, घासली की शब्द सरकतो. किती सेकंद ते पाकिटावर असतं, तरी आधी चिंधीवर करून बघा.

एवढ्यावर थांबू नका, कडेने शिलाई पाहिजेच. मशीनवर दाट झिगझॅग मारा, नाहीतर हाताने काजटाका (शर्टाच्या काजाला घालतात तो) घाला, चार बायका चार शब्द घेऊन बसल्या तर दोन दुपारी होतं, आणि हातचा काजटाका जवळून बघताना मशीनपेक्षा कितीतरी देखणा दिसतो. ग्लू गनने काम उरकायचा मोह होतो, करू नका. माझ्या पहिल्या बॅनरला मी ग्लू गनच वापरली होती, एप्रिलमधला पुनरुत्थानाचा रविवार होता, वर पत्रा, सकाळची उपासना लांबली आणि संदेश चालू असताना एकेक अक्षर सुटून खाली पडायला लागलं. शेवटी वेदीजवळ पडलेली अक्षरं लहान मुलं गोळा करत होती. त्या दिवसापासून शिलाईशिवाय एकही अक्षर नाही. फेविकॉल पण नको, कापडात मुरून डाग दिसतो आणि कडक होतो.

रंग जुळतात का हे ठरवायला सोपी युक्ती, कापडं शेजारी ठेवून मोबाइलने ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात दोन्ही सारखेच करडे दिसले तर लांबून वाचता येणार नाही, मग रंगाने कितीही वेगळे असोत. हिरव्यावर लाल इथेच फसतो. जांभळ्यावर सोनेरी किंवा क्रीम, हिरव्यावर पांढरा किंवा पिवळा, पांढऱ्यावर गडद लाल नाहीतर गडद निळा, हे सगळे पास होतात.

पुढचं शिवण सोपं आहे, पटकन सांगते. अक्षरं झाल्यावरच अस्तर लावायचं म्हणजे मागचे धागे झाकले जातात. बाजू दुमडून टीप, वर-खाली नेफा, अर्धा इंच आत दुमडून दोन इंचाचा, त्यात इंची रॉड सहज जातो. वरचा रॉड बॅनरपेक्षा चार इंच लांब, दोन्ही टोकांना दोरी बांधायला. पीव्हीसी पाइप मध्ये वाकतो, लाकडी दांडा किंवा पडद्याचा ॲल्युमिनियमचा रॉड घ्या. खालचा रॉड वजनासाठी आहे, आपल्याकडे पंखे फुल्ल असतात आणि वजन नसलं की बॅनर डोलतो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत न्यायचा असेल तर वेगळा, हलका, अस्तराशिवायचा छोटा करा, मोठा बॅनर रस्त्यावरच्या वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि धरणाऱ्या पोराचे हात भरून येतात. मेणबत्त्यांपासून निदान तीन फूट लांब टांगा, नाताळच्या रात्री परत एकदा बघून घ्या.

आता जपणं. बॅनर खराब होतो तो वापरून कमी आणि कपाटात जास्त. घडी घालायची नाही, घडीवर रेघ पडते आणि काही वर्षांत तिथेच कापड विरतं. कापडाच्या दुकानात ठाण संपल्यावर पुठ्ठ्याचा रोल उरतो, मागितला तर फुकट देतात. त्यावर जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा साडी गुंडाळा, मग बॅनर चित्र बाहेरच्या बाजूला येईल असा गुंडाळा, म्हणजे अक्षरांना आतून चुण्या पडत नाहीत, मग वरून परत सुती कापड. वर्तमानपत्र नको, शाई लागते. प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नको, पावसाळ्यात आत वाफ धरते आणि बुरशीचे काळे ठिपके येतात जे निघत नाहीत. डांबरगोळ्या कापडाला आणि जरीला चिकटतील अशा ठेवू नका, छोट्या पुरचुंडीत बांधून बाजूला, किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला. कसर लागते ती अंधारात न हलवलेल्या कपड्यांना, म्हणून पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एक दिवस सगळे बॅनर काढून सावलीत वाऱ्यावर पसरा. उन्हात नाही. टांगलेला असताना पण खिडकीचं ऊन थेट येत असेल तर पडदा लावा, जांभळा आणि लाल सगळ्यात आधी विटतात.

धुवायचं शक्यतो टाळा. धूळ काढायला बॅनर सपाट पसरून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ठेवा आणि वरून व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात हळू ठेवून फिरवा, नसेल तर मऊ ब्रश. मेण सांडलं तर ओलं असताना पुसू नका, पसरतं. गार होऊ द्या, पिशवीत बर्फ घालून वर ठेवा, कडक झालं की चमच्याच्या पाठीने उचला, उरलेल्यावर खाली-वर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री, कागद मेण पितो, कागद बदलत राहा. फेल्टवर आणि वेल्वेटवर ही इस्त्री करू नका, तिथे बर्फावरच भागवा. जरीवर अत्तर किंवा स्प्रे उडू देऊ नका, काळी पडते.

प्रत्येक बॅनरच्या मागे खालच्या कोपऱ्यात सुती पट्टीवर न जाणाऱ्या मार्करने लिहून ती पट्टी शिवा: कुठल्या काळाचा, कुठल्या वर्षी केला, कापड कुठलं, पाण्यात घालायचा की नाही. शिवणाऱ्यांची नावं लिहायची असतील तर इथे लिहा, मागे. पुढच्या पिढीच्या मुलींना ती वाचायला आवडतात, आम्हाला जुन्या बॅनरमागे एका बाईचं नाव सापडलं तर तिची नात आमच्यातच बसून शिवत होती.

आणि बॅनर खरंच संपला, विरला, विटला तर कचऱ्यात टाकू नका आणि पुसायला पण घेऊ नका. आशीर्वाद दिलेल्या वस्तू जाळायची किंवा पुरायची पद्धत कॅथलिक मंडळ्यांत आहे, आमच्याकडे पाळकसाहेबांना विचारून आवारातल्या झाडाखाली पुरतो. त्याआधी चांगली असलेली अक्षरं आणि काठ उसवून घ्या. आमच्या आत्ताच्या जांभळ्या बॅनरवरचा क्रूस तिसऱ्यांदा बसवलेला आहे, दोन बेस संपले, तो अजून चांगला आहे.